टर्मिनलसाठी मजकुराची मांडणी : रनऑफपासून देवनागरीपर्यंत

टर्मिनलचा पडदा ही सारख्या मापाच्या घरांची जाळी असते. डीईसी कंपनीच्या 1978 सालच्या व्हीटी100 या टर्मिनलवर एका ओळीत 80 घरे आणि पडद्यावर 24 ओळी असत. आजच्या संगणकावरची टर्मिनलची खिडकी हवी तेवढी ओढून मोठी करता येते, पण उघडताना ती बहुधा याच मापाची उघडते. 80 हा आकडा व्हीटी100 पेक्षाही जुना आहे. आयबीएमने 1928 मध्ये आणलेल्या छिद्रांच्या कार्डावर 80 रकाने होते. या जाळीत शीर्षकाचा टाइप मोठा करता येत नाही आणि दोन शब्दांमधली जागा पाव घराने वाढवता येत नाही. मांडणी करणाऱ्याच्या हाती उरतात त्या मोजक्या गोष्टी: ओळ कुठे मोडायची, डावीकडे किती घरे सोडायची, कुठे ओळ रिकामी ठेवायची आणि कोणता शब्द ठळक, अधोरेखित किंवा रंगीत करायचा. ही कामे करणाऱ्या कमांड गेल्या साठ वर्षांत पुष्कळ झाल्या. त्यांच्यातला खरा फरक दोन प्रश्नांवर ठरतो. ओळीची रुंदी कधी ठरवायची, आणि ती कशात मोजायची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लवकर सापडले. दुसरा अजून पुरता सुटलेला नाही, आणि मराठी मजकुराची पडद्यावर जी ओढाताण होते ती या दुसऱ्या प्रश्नामुळेच.

या परंपरेची सुरुवात पडद्यावर झालीच नाही, ती टंकयंत्रावर झाली. एमआयटीमध्ये सीटीएसएस या सामायिक संगणकप्रणालीवर जेरोम सॉल्टझर यांनी 1964 मध्ये रनऑफ हा प्रोग्राम लिहिला. मजकूर एका फाइलमध्ये सलग लिहायचा, आणि ज्या ओळीच्या आरंभी टिंब असेल ती ओळ छापायची नाही, ती सूचना समजायची, अशी त्याची रीत होती. ओळ मध्यभागी घ्या, इतकी जागा सोडा, नवे पान सुरू करा, अशा त्या सूचना. लेखकाने ओळी कशाही मोडल्या असल्या तरी रनऑफ शब्द उचलून ठरलेल्या रुंदीत पुन्हा भरत असे. लिहिण्याची ओळ आणि दिसण्याची ओळ यांची ताटातूट इथे झाली. टिंबाने सुरू होणारी सूचना तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे.

बेल लॅबमध्ये डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना पुढे नेली आणि युनिक्सवर तिचे रॉफ झाले. युनिक्सच्या इतिहासात रॉफची कामगिरी मोठी आहे, कारण युनिक्सला मोठे यंत्र मिळाले ते मजकूर मांडण्याच्या कामाच्या जोरावर. केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी पीडीपी-11 या संगणकासाठी धडपडत होते. त्याच सुमारास बेल लॅबचा पेटंट विभाग अर्ज टाइप करण्यासाठी यंत्रणा शोधत होता. पेटंट कार्यालयाला पानावरच्या ओळींना क्रमांक लागत, आणि विकत मिळणाऱ्या यंत्रणेत ती सोय नव्हती. रॉफमध्ये ती लगोलग घालता आली. 1971 च्या उत्तरार्धात पेटंट विभागातले तीन टंकलेखक युनिक्सवर अर्ज तयार करू लागले. प्रणाली अजून घडत असताना तिच्यावर रोजचे कार्यालयीन काम चालले, आणि लॅबच्या वरिष्ठांचा युनिक्सवर विश्वास बसायला त्याची मदत झाली.

रॉफनंतर जो ओसाना यांनी एनरॉफ लिहिला. त्यात सूचनांचे गट करून त्यांना नाव देण्याची, म्हणजे मॅक्रो लिहिण्याची सोय आली. याच भाषेत फोटोटाइपसेटरवर छपाई करणारा टीरॉफ 1973 मध्ये तयार झाला. म्हणजे एकच मूळ फाइल. एनरॉफकडे दिली की सारख्या मापाच्या अक्षरांत टंकयंत्रावर किंवा टर्मिनलवर उमटायची, आणि टीरॉफकडे दिली की पुस्तकी छपाई मिळायची. ओसाना 1977 मध्ये वारले. त्यानंतर ब्रायन कर्निहॅन यांनी टीरॉफ कोणत्याही छपाईयंत्राला चालेल असा करून घेतला, आणि 1990 पासून जेम्स क्लार्क यांचा ग्रॉफ हा मुक्त अवतार उपलब्ध झाला. लिनक्सवर आजही मुख्यतः तोच चालतो.

टंकयंत्राच्या काळाच्या खुणा एनरॉफच्या पोटात राहून गेल्या. त्यातली एक जवळून पाहण्यासारखी आहे. टेलिटाइपच्या मॉडेल 37 वर ठळक अक्षर काढायचे तर अक्षर उमटवायचे, गाडी एक घर मागे घ्यायची आणि त्यावरच तेच अक्षर पुन्हा ठोकायचे. अधोरेखितासाठी आधी तळरेघ, मग मागे, मग अक्षर. कागदावर शाई शाईवर चढते, म्हणून ही युक्ती जमते. पडद्यावर मात्र दुसरे अक्षर पहिल्याला पुसून टाकते. त्यामुळे एनरॉफचा मजकूर थेट व्हिडिओ टर्मिनलवर सोडला की ठळकपणा नाहीसा व्हायचा, आणि तो फाइलमध्ये साठवून एखाद्या संपादकात उघडला की प्रत्येक ठळक अक्षर दोनदा दिसून मध्ये मागे जाण्याची खूण यायची. ही पुनरुक्ती काढून टाकण्यासाठी ‘कोल’ ही कमांड ‘बी’ पर्यायासह वापरतात. पुढे व्हिडिओ टर्मिनलसाठी सुटकेच्या खुणांचे, म्हणजे एस्केप संकेतांचे प्रमाण ठरले: 1976 मध्ये युरोपात ईसीएमए-48 आणि 1979 मध्ये अमेरिकेत एएनएसआयचे. रंग, ठळकपणा आणि अधोरेखन आता त्यातूनच येते.

पडदा कागदासारखा लांब नसतो, म्हणून पानापानाने थांबून दाखवणाऱ्या कमांडची, म्हणजे पेजरची, गरज लागली. डॅनियल हॅल्बर्ट यांनी 1978 मध्ये बर्कलीत ‘मोअर’ लिहिली. ती पुढेच जात असे. मार्क नुडेलमन यांच्या ‘लेस’ने मागे जाण्याची सोय दिली आणि काही वर्षांत तिची जागा घेतली. लेस जुन्या टंकयंत्री पद्धतीची खूण ओळखून ती पडद्याच्या ठळकपणात बदलते, म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीचे मजकूर आजही तिच्यात नीट दिसतात. एस्केप संकेतांबाबत ती मुद्दाम सावध असते. अनोळखी फाइलमधला संकेत टर्मिनलची स्थिती बिघडवू शकतो, खिडकीचे नाव बदलू शकतो, पडद्यावरचा मजकूर झाकून दुसराच दाखवू शकतो. लेसला मोठ्या ‘आर’चा पर्याय दिला तर ती रंग-ठळकपणाचे संकेत जाऊ देते आणि घातक ठरू शकणारे बाकीचे उघडे करून दाखवते, लहान ‘आर’ दिला तर सगळेच जाऊ देते. रंगीत मजकूर पाहायचा असेल तर मोठा ‘आर’ पुरतो. लहान ‘आर’ वापरण्याचे कारण क्वचितच असते, आणि कुठून तरी उतरवलेली फाइल ‘कॅट’ने पडद्यावर ओतण्याची सवय तर मोडलेलीच बरी.

रुंदी कधी ठरवायची, या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर ‘मॅन’ने दिले. युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. त्या पुस्तिकेची पाने संगणकावर ठेवून हवी तेव्हा पडद्यावर आणणारी कमांड म्हणजे मॅन. तिच्या मूळ फाइलमध्ये ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘हा पर्याय’ एवढेच लिहिलेले असते. वाचक ज्या क्षणी पान मागतो त्या क्षणी खिडकीची रुंदी पाहून एनरॉफ ओळी भरतो. खिडकी अरुंद असो वा रुंद, पान त्या मापात बसते, आणि रुंद पडद्यावर ओळ डोळ्यांना फार लांब वाटली तर ‘मॅनविड्थ’ हे चल ठरवून तिला लगाम घालता येतो. बर्कलीच्या बीएसडी या युनिक्सशाखेच्या वर्तुळात मॅक्रोंचा ‘एमडॉक’ हा संच तयार झाला. त्यात ठळक-तिरपे सांगण्याऐवजी ‘हे फाइलचे नाव’, ‘हे चल’ असा अर्थ सांगितला जातो. एमडॉकची आणि जुन्या मॅक्रोंची पाने रॉफच्या पूर्ण यंत्रणेशिवाय, थेट वाचणारा ‘मॅनडॉक’ आज ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडीवर चालतो. या पद्धतीत टिंबांच्या सूचना शिकाव्या लागतात हे खरे. पण ज्या मजकुराला दहा-वीस वर्षे जगायचे आहे त्याच्यासाठी ते शिकणे वाया जात नाही.

मूळ फाइलमध्ये काहीच खुणा नसतील तर छोट्या कमांड कामाला येतात. ‘फोल्ड’ सर्वांत साधी: ठरलेल्या घरावर, सांगितले नसेल तर 80 व्या घरावर, ओळ मोडायची. ‘एस’ पर्याय दिला नाही तर ती शब्दाच्या मध्यातही मोडते. ‘पीआर’ कागदासाठी आहे. 66 ओळींचे पान ही तिची गृहीत गोष्ट, कारण 11 इंची कागदावर इंचाला 6 ओळी बसतात. दोन फाइल शेजारी-शेजारी स्तंभांत मांडायला ती अजून उपयोगी पडते. ‘कॉलम’ला ‘टी’ पर्याय दिला की विस्कळीत तक्ता रकान्यांत येतो.

‘एफएमटी’ कडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. ती परिच्छेद ओळखते, त्यातले शब्द पुन्हा भरते आणि समासाची घरे सांभाळते. ग्नू या मुक्त प्रणालीच्या एफएमटीची कमाल रुंदी मुळात 75 घरांची असते, पण ती मुद्दाम सुमारे 7 टक्के आखूड ओळीचे लक्ष्य धरते, म्हणजे ओळी किंचित लांब-आखूड करून परिच्छेद समतोल ठेवायला वाव राहतो. साधा मार्ग असा असतो, की ओळीत मावतील तेवढे शब्द भरायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे. त्यात पहिली ओळ गच्च आणि दुसरी एखाद्या लांब शब्दामुळे तोकडी, असे होते. डोनाल्ड नूथ आणि मायकेल प्लास यांनी 1981 मध्ये संपूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेऊन ओळी मोडण्याची रीत मांडली. प्रत्येक संभाव्य मोडीला दंड लावायचा आणि एकूण दंड कमीत कमी येईल अशी मांडणी निवडायची. नूथ यांच्या टेक या छपाईप्रणालीतली ही रीत ग्नूच्या एफएमटीने सोप्या रूपात घेतली आहे; वाक्याचा पहिला शब्द ओळीच्या टोकाला एकटा पडू नये, हेही ती पाहते. ॲडम कॉस्टेलो यांची ‘पार’ हे काम अधिक बारकाईने करते. पत्रव्यवहारात उद्धृत ओळींच्या आरंभी येणाऱ्या खुणा ओळखून त्या जागच्या जागी राखत ती आतला मजकूर भरते.

या कमांडचा दोष त्यांच्या सोपेपणातच आहे. त्यांनी मोडलेली ओळ फाइलमध्ये पक्की होऊन बसते. 72 घरांत मोडलेला परिच्छेद 50 घरांच्या खिडकीत उघडला की एक लांब, एक तोकडी अशा ओळी पडत जातात. शिवाय सुरुवातीचा एक शब्द बदलून पुन्हा एफएमटी चालवली तर सगळा परिच्छेद हलतो, आणि आवृत्त्यांची तुलना करणाऱ्या साधनाला एका शब्दाऐवजी दहा ओळी बदललेल्या दिसतात. कर्निहॅन यांनी 1970 च्या दशकातच युनिक्सच्या नवशिक्यांना सल्ला दिला होता, की प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे. मजकूर शेवटी दुसऱ्या कोणत्या तरी साधनातून भरला जाणार असेल तर त्याहून चांगली सवय नाही.

जॉन ग्रूबर यांच्या 2004 च्या मार्कडाउनने टिंबाच्या सूचनांची जागा बऱ्याच प्रमाणात घेतली. तिच्या खुणा साध्या डोळ्यांनी वाचतानाही खटकत नाहीत. जॉन मॅकफार्लेन यांचा ‘पॅनडॉक’ मार्कडाउनपासून साधा मजकूर, मॅनचे पान, एचटीएमएल, हवे ते तयार करतो. ओळीची रुंदी सांगितली नाही तर 72 घरे धरतो. ‘ग्लो’सारखी नवी साधने मार्कडाउन थेट रंगीत करून पडद्यावर दाखवतात. वेबपान टर्मिनलवर वाचायचे तर ‘लिंक्स’ आणि ‘डब्ल्यूथ्रीएम’ हे 1990 च्या दशकातले न्याहाळक ‘डंप’ पर्यायाने त्याचा मांडलेला मजकूर काढून देतात, आणि तक्त्यांच्या बाबतीत डब्ल्यूथ्रीएमचे काम अजूनही वाखाणण्यासारखे आहे. चांगल्या साधनाची एक ओळख अशी, की आपला मजकूर पडद्यावर जातोय की फाइलमध्ये, हे ते तपासते आणि फाइलमध्ये जात असेल तर रंगांचे संकेत घालत नाही.

आता दुसरा प्रश्न. इथपर्यंतच्या जुन्या साधनांनी एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे एक घर असे धरलेले होते. इंग्रजीपुरते ते बरोबर होते. देवनागरीत तिन्ही मापे वेगळी पडतात.

ही अडचण भारतात 1980 च्या दशकातच समोर आली आणि तिच्यावर तेव्हा एक देखणा तोडगा निघाला. आयआयटी कानपूरमधल्या कामातून जिस्ट तंत्रज्ञान पुढे आले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसवरचे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रामही देवनागरी दाखवू लागत. इस्कीच्या संकेतावलीत, जिचे 1991 चे प्रमाण आयएस 13194 हे आहे, प्रत्येक स्वर, व्यंजन आणि मात्रा एका बाइटची होती. जोडाक्षरे जुळवणे आणि मात्रा योग्य जागी बसवणे हे काम कार्डाकडे सोपवलेले होते. अक्षरजुळणी पडदा दाखवणाऱ्या पातळीवरच व्हावी, हा त्यातला विचार आजही योग्य आहे.

युनिकोडने जगातल्या लिप्या एका छत्राखाली आणल्या. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये आखलेल्या यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे, म्हणून 12 बाइट. पडद्यावर मात्र उकार आणि मात्रा वेगळे घर मागत नाहीत. शब्द दोन घरांत बसतो. ‘नागपूर’मध्ये सहा चिन्हे, 18 बाइट आणि पाच घरे, कारण काना स्वतंत्र घर घेतो आणि दीर्घ ऊकार घेत नाही. आता गावाचे नाव दहा घरांच्या रकान्यात आणि पुढे एखादा आकडा, असा तक्ता करायचा आहे असे धरू. सी भाषेचा ‘प्रिंटएफ’ बाइट मोजतो. त्याच्या हिशेबाने दोन्ही नावे दहाच्या पुढे गेलेली आहेत, म्हणून तो एकही मोकळे घर सोडत नाही आणि आकडे नावांना चिकटतात. चिन्हे मोजणारे साधन ‘पुणे’पुढे सहा आणि ‘नागपूर’पुढे चार घरे सोडते; पहिला आकडा आठ घरांनंतर येतो, दुसरा नऊ. बरोबर उत्तर आठ आणि पाच मोकळी घरे असे आहे, आणि ते घरे मोजणाऱ्यालाच मिळते.

एफएमटी आणि फोल्ड यांच्या ग्नू आवृत्त्यांनी वर्षानुवर्षे बाइटच मोजले. त्यामुळे 75 ची मर्यादा मराठीसाठी जेमतेम 25 चिन्हांची होते आणि परिच्छेद पानाच्या डाव्या एक तृतीयांश भागात कोंबल्यासारखा दिसतो. फोल्डचे त्याहून वाईट होते. शब्दांमधल्या मोकळ्या जागा क्षणभर सोडल्या तर 80 बाइटांत 26 चिन्हे पूर्ण बसतात आणि सत्ताविसाव्याचे पहिले दोन बाइट या ओळीत, तिसरा पुढच्या ओळीत जातो. ते चिन्ह दोन्हीकडून नष्ट होते आणि तिथे प्रश्नचिन्हाची चौकट उरते. मराठीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सोयीची आहे. थाई किंवा चिनीसारखी इथे ओळ कुठे मोडावी याची अडचण नाही, कारण शब्दांमध्ये जागा असते. अडते ते फक्त मोजणीत.

घरे मोजण्यासाठी ‘डब्ल्यूसीविड्थ’ हे फंक्शन असते. मार्कस कून यांनी लिहिलेली त्याची आवृत्ती पुष्कळ प्रोग्रामांनी उचलली. ती एकेका चिन्हाला शून्य, एक किंवा दोन घरे देते: अनुस्वार, उकार, एक मात्रा आणि हलन्त यांना शून्य, काना, वेलांटी आणि व्यंजनांना एक. ‘महाराष्ट्र’मध्ये दहा चिन्हे आहेत, हलन्त दोन, म्हणून आठ घरे. पण ‘ष्ट्र’ हे जोडाक्षर फॉन्टमध्ये एकसंध काढले की त्याला तीन घरांची जागा लागत नाही. मग टर्मिनल एक तर मध्ये पोकळी ठेवते किंवा हलन्त दाखवून जोडाक्षर फोडते. ‘किल्ला’मधली ऱ्हस्व वेलांटी साठवणीत ‘क’च्या नंतर असते आणि दिसायला आधी हवी, प्रत्येक घर सुटे रंगवणाऱ्या टर्मिनलवर ती उजवीकडेच राहते. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर जायला हवा, तो ‘र्’ असा सुटा राहतो. ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ यांच्यातला ‘ऱ्य’ तर मराठीत नेहमीचा, आणि तो मोडला की शब्द ओळखायलाही क्षणभर थांबावे लागते.

एकेका चिन्हाची रुंदी वेगळी ठरवून बेरीज करण्याने हे सुटणारे नाही. जोडाक्षर पूर्ण धरून त्याची एकत्र रुंदी ठरवावी लागते. युनिकोडने 2023 च्या 15.1 या आवृत्तीत भारतीय जोडाक्षरे न तोडण्याचा नियम अक्षरविभागणीत घातला, तोवर नियमाप्रमाणे ‘ष्ट्र’चे तीन तुकडे होत. ‘एमएलटर्म’ने भारतीय लिप्यांची जुळणी पूर्वीपासून केली, ‘किटी’ जुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरते. पण टर्मिनल एका हिशेबाने चालले आणि आतला प्रोग्राम दुसऱ्या, तर कर्सर भलत्याच घरात जातो. या दोघांनी आपण संपूर्ण अक्षर मोजतोय की सुटी चिन्हे, हे एकमेकांना सांगावे यासाठी 2027 क्रमांकाची एक अवस्था सुचवली गेली आहे आणि काही टर्मिनल ती मानतात. ती सर्वत्र पोचेपर्यंत आधीची कमांड, पेजर आणि टर्मिनल या तिघांचा हिशेब एकच आहे का, हे वापरणाऱ्यालाच पाहावे लागते.

म्हणून मराठी दस्तऐवज टर्मिनलसाठी ठेवायचा तर तो मार्कडाउनमध्ये किंवा मॅक्रोंमध्ये, एका ओळीत एक वाक्य अशा रीतीने लिहावा आणि ओळी मोडण्याचे काम वाचण्याच्या वेळेवर सोडावे. लोकेल, म्हणजे प्रणालीची भाषा आणि संकेतावली यांची निवड, यूटीएफ-8 चे असावे. ते नसेल तर लेस ‘म’च्या जागी कोनी कंसांतले तीन बाइट दाखवते. तक्त्यात आकडे आणि तारखा डावीकडे घेऊन मराठी नावे शेवटच्या रकान्यात ठेवली तर त्यांच्यापुढे जागा भरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि मोजणी चुकली तरी रकाने हलत नाहीत. शोधाची एक अडचण मांडणीपलीकडची असली तरी लेस वापरताना तिची गाठ पडते. ‘ॲ’ हे अक्षर 2008 पासून युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाचे आहे, पण जुन्या मजकुरात ते ‘अ’ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले असते. दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणातही ते एक होत नाहीत, त्यामुळे एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. संग्रह मोठा असेल तर ‘सेड’ ही मजकूर बदलणारी कमांड चालवून सगळीकडे एकच रूप करून घ्यावे, आणि ते मांडणीच्या आधी करावे, कारण त्याने चिन्हांची आणि बाइटांची संख्या बदलते.